शुक्रवारी गाडी नसे

आमच्या दुबईतल्या, अल कुसैसच्या घरात फ्रिज कुठे राहील ते आईने ठरवलं, टीव्ही कुठे राहील ते बाबांनी ठरवलं, आणि आम्ही तिघं कुठे राहू ते हॉलिससाहेबांच्या अकरा खोक्यांनी ठरवलं. घर एका बेडरूमचं. बेडरूमची एक अख्खी भिंत खोक्यांनी अडवली होती, एक खोकं हॉलमध्ये सोफ्याच्या तुटलेल्या पायाचं काम करत होतं आणि दोन बाल्कनीच्या दाराशी एकावर एक होती, त्यांच्यावर आईच्या लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या ऊन खात बसत. खोक्यांत पुस्तकं होती, आणि ती झाडून सगळी इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या रेल्वेच्या फाट्यांविषयी होती. मुख्य मार्गाला एखाद्या जंक्शनवर फुटलेला फाटा, त्यावर चार-पाच स्टेशनं, एक म्हातारं इंजिन आणि दोन डबे. एवढ्या ऐवजावर तीनशे पानं लिहिणारी माणसं जगात असतात आणि ती पानं वाचणारा माणूस नेमका आपल्याच पदरात पडतो, हे आईला कधीच पटलं नाही. "यापेक्षा पिणारा नवरा परवडला," ती म्हणायची, "बाटल्या तरी घराबाहेर जातात. आणि या देशात मेला रद्दीवालासुद्धा नाही!"

हॉलिससाहेब बाबांच्या ऑफिसात मुख्य इंजिनिअर होते आणि बाबा तिथे ड्राफ्ट्समन. साहेबांनी मनात आणायचं आणि बाबांनी ते शाईने कागदावर उतरवायचं, अशी त्यांची नऊ वर्षांची जोडी. निवृत्त होऊन परत जायची वेळ आली तेव्हा मिसेस हॉलिसनी नवऱ्याला सांगितलं की सामानात एक तर ही खोकी येतील किंवा विमानात मी येईन, काय ते ठरवा. साहेबांनी म्हणे दोन दिवस विचार केला. हा तपशील सांगताना बाबा नेहमी आईकडे चोरून बघत. शेवटी बाई जिंकल्या आणि खोकी कंपनीच्या पिकअपमधून आमच्या तिसऱ्या मजल्यावर आली. बाबांना ती का हवी होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. बाबा बार्शीचे. लहानपणी अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीने ते मामाकडे जात, आणि चढावर ती गाडी इतकी हळू चाले की उतरून बोरं वेचून पुन्हा चढता येई. जिथे आम्ही राहत होतो त्या देशात तेव्हा रेल्वेच नव्हती. विमानं मात्र रग्गड होती. विमानतळ जवळ असल्यामुळे दर थोड्या वेळाने एक विमान आमच्या गच्चीवरून इतकं खाली जाई की ताटातले चमचे वाजत.

सुट्टी तेव्हा शुक्रवारची. मी तिथेच वाढले, म्हणून रविवार म्हणजे माझ्या लेखी गणिताच्या दोन तासांचा आणि घामट स्कूलबसचा वार होता. शुक्रवारी सकाळी आई माझे केस धुवायची. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला चटके बसणारं पाणी येई, म्हणून आम्ही गीझर बंद ठेवून त्यात साठलेलं पाणी थंड पाणी म्हणून वापरत असू. पुण्याहून आणलेली शिकेकाई, डोळ्यांत गेली की माझी बोंब, आणि पलीकडे स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या. बाबा पहाटेच देइऱ्याच्या मासळीबाजारात जाऊन सुरमई आणत. आई रत्नागिरीकडची, त्यामुळे त्या सुरमईचं कालवण कसं होई याबद्दल मी इथे लिहायला लागले तर प्रकरण तिथेच संपेल. मशिदीतली दुपारची नमाज आटोपली की आमची पानं मांडली जात, आणि जेवण झालं की बाबा हॉलमध्ये गादी अंथरून, खिडकीतला एसी घरघरवत, खोक्यातून एक पुस्तक काढत.

मग आम्ही प्रवासाला निघायचो. एक पातळ हिरवं पुस्तक आमचं विशेष लाडकं होतं, कारण ते हॉलिससाहेबांच्या गावच्या फाट्याचं होतं. बाबा आडवे होऊन वाचत, "मार्लबी जंक्शन," आणि मी स्टीलच्या ताटावर डाव आपटून घंटा द्यायची. "थ्री एल्म्स." पुन्हा घंटा. मध्ये पाच मिनिटं कुठल्या पुलाखाली कुठला ओढा लागतो, इंजिन पाणी कुठे पितं, दुधाचे कॅन कोण चढवतं. "ॲपलकोट रोड." इथवर येईपर्यंत बाबांचा आवाज खोल जाई, आणि पुढच्या स्टेशनाच्या आत पुस्तक हळूच त्यांच्या तोंडावर उतरे. श्वासाबरोबर ते वर-खाली होत राही. फाट्याचं शेवटचं स्टेशन सेंट ओवेन, पण बाबांच्या तोंडून ते मी कधी ऐकलं नाही. आई भांडी आवरून यायची, त्या हलत्या पुस्तकाकडे बघायची आणि म्हणायची, "आली का गाडी यार्डात?"

खोकी आल्यावर, साहेब जायच्या आधी, तीन-चार शुक्रवारी आमच्याकडे जेवायला आले होते. सुरमई खाऊन त्यांचे कान लाल होत आणि तरी ते लोणचं मागून घेत. ॲपलकोट रोडचे स्टेशनमास्तर म्हणजे त्यांचे सख्खे काका, टेडकाका. साहेबांचे आईवडील लवकर गेले आणि काका-काकूंनीच त्यांना वाढवलं. काकांना स्वतःचं मूल नव्हतं, एक शेळी तेवढी होती. तिचं नाव डचेस. तिला प्रवाशांच्या हातातली तिकिटं खायची खोड होती. टेडकाका मग चिठ्ठी लिहून देत, 'या गृहस्थांचं तिकीट शेळीने खाल्लं आहे, कृपया जाऊ द्यावं,' आणि जंक्शनवरचा तिकीट तपासनीस ती चिठ्ठी खरीच मानायचा. हे सांगताना साहेब डोळे पुसेपर्यंत हसले आणि शेवटी म्हणाले, "ही गोष्ट मी ऑफिसात कधी सांगितली नाही, सबनीस. माझ्या पुलांवरून मग कोणी गेलं नसतं."

जाताना त्यांनी आणखी एक उद्योग करून ठेवला. अशा फाट्यांवर जीव टाकणाऱ्या लोकांचं एक छोटंसं त्रैमासिक इंग्लंडात निघे, त्याची वर्गणी त्यांनी बाबांच्या नावे भरून टाकली. दुबईत पोस्टमन दारात येत नसे, आजही येत नाही. पत्रं यायची ती ऑफिसच्या पोस्टबॉक्समध्ये, आणि बॉक्सची किल्ली कुरियन अंकलकडे. अंकल कोट्टायमचे, ऑफिसातले टायपिस्ट. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय ऑफिसातून कागद हलायचा नाही. त्रैमासिकाच्या एका अंकात स्पर्धा जाहीर झाली. 'माझ्या स्टेशनची आठवण' या विषयावर वाचकांनी पत्र लिहावं, पहिलं बक्षीस गार्डाची खरीखुरी पितळी शिट्टी. मी तेरा वर्षांची होते. इतकी वर्षं ताट बडवून गाडी सोडत आलेल्या मुलीला पितळी शिट्टी दाखवल्यावर काय होणार? मला ती हवी झाली.

अडचण एवढीच होती की मी इंग्लंड पाहिलं नव्हतं, तिथलं स्टेशन पाहिलं नव्हतं आणि आठवणी यायला माझं वयही नव्हतं. पण विचार करता ही अडचण मला किरकोळ वाटली. माहिती अकरा खोकी भरून घरात होती, आठवणी साहेबांच्या तयार होत्या, फक्त एक नाव हवं होतं. तेही एका फोटोखाली सापडलं. कुठल्याशा स्टेशनच्या फुलबागेसमोर टोपी घालून उभे असलेले, स्टेशनांच्या बागांच्या स्पर्धेचे कोणी जुने परीक्षक, ए. जे. पेम्बर्टन. मी पेम्बर्टनला ॲपलकोट रोडच्या स्टेशनमास्तरांचा एकुलता एक मुलगा केला आणि कामाला लागले.

गुरुवारी आम्हा मुलांना शाळेची सुट्टी असे आणि बाबांचं ऑफिस अर्धा दिवस. कधीकधी ते मला बरोबर नेत आणि कोपऱ्यातल्या जुन्या टाइपरायटरवर बसवून देत. त्या गुरुवारी मी दोन बोटांनी खडखड करत असताना कुरियन अंकल मागे येऊन उभे राहिले.

"मोळे, क्या टाइप करती है?" मोळे म्हणजे त्यांच्या मल्याळममध्ये पोरी.

"एसे, अंकल. इंग्लिश एसे."

"गुड, गुड. लेकिन मार्जिन छोडने का. बिना मार्जिन का आदमी को कोई इज्जत नहीं देता."

मी मार्जिन सोडलं. मग मजकुरात दिवे सोडले, दुधाचे कॅन सोडले, कुंपणावरच्या फुलांच्या वेली सोडल्या, आणि शेळी तर साग्रसंगीत सोडली. तरी कागदावर दहा ओळी रिकाम्या राहिल्या. आठवड्यातून एक दिवस या फाट्यांवर गाडी बंद असते, हे मी प्रत्येक पुस्तकात वाचलं होतं. सुट्टीचा वार कुठला, हे काय कोणाला विचारायचं असतं? दहा ओळी मी एका दमात लिहिल्या. आज त्या मराठीत आणते: 'शुक्रवारी गाडी नसे. आई सकाळी आमचे केस धुई आणि डोळ्यांत गेलं की आम्ही ओरडत असू. वडील पहाटे जाऊन मासे आणत. जेवण झालं की ते रेल्वेचं पुस्तक घेऊन आडवे होत आणि तिसऱ्या पानाला झोपत. पुस्तक त्यांच्या तोंडावर वर-खाली होत राही. आई म्हणे, आली का गाडी यार्डात? मला तेव्हा वाटे की जगात कुठेच काही चाललेलं नाही, आणि सगळं अगदी ठीक आहे.' पाकिटावरचा पत्ता अंकलनी स्वतः टाइप करून दिला, माझ्या पाकिटातला मजकूर न वाचता. एवढ्या सज्जन माणसाला मी त्यात ओढलं याची लाज मला नंतर वाटली. त्या दिवशी नाही वाटली.

पुढचा अंक आला तो एका शुक्रवारच्या तोंडावर. जेवणं झाली, बाबा आडवे झाले आणि वाचता वाचता ताडकन उठून बसले. हे आमच्या घरात कधी घडलं नव्हतं.

"अगं, ऐका! शेळी! ॲपलकोट रोडची शेळी छापून आलीये!"

त्यांनी पत्र मोठ्याने वाचलं, आईसाठी थांबून थांबून मराठीत सांगितलं. शेवटाकडे त्यांचा आवाज ओला झाला. खाली छापलं होतं, ए. जे. पेम्बर्टन, दुबई. संपादकांनी माझं फक्त एक वाक्य कापलं होतं. ऑगस्टात स्टेशनच्या नळाला उकळतं पाणी येतं, असं मी लिहिलं होतं. म्हातारा माणूस आहे, होतो थोडा घोटाळा, असं त्यांना वाटलं असावं.

"म्हणजे टेडकाकांना मुलगा होता!" बाबा म्हणाले. "आणि तो इथे, दुबईत आहे!"

"साहेब तर म्हणाले होते, काकांना मूल नव्हतं," आई म्हणाली. "आणि आडनाव हॉलिस कसं नाही?"

"असेल काही घरगुती. इंग्रजांतही घरगुती असतं." बाबा फेऱ्या घालायला लागले. "बिचाऱ्या साहेबांना माहीतच नाही. नात्याचं एक माणूस त्यांना राहिलेलं नाही, आणि हा त्यांचा सख्खा चुलतभाऊ! यल्ला, वैजू, माझं पॅड आण."

मी पॅड आणलं. इथे मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं, पण बाबांचा चेहरा इतका उजळला होता की मी ते पाणी प्यायला उघडलं असं दाखवलं. बाबांनी साहेबांना चार पानी पत्र लिहिलं, अभिनंदन केलं, आणि शनिवारी सकाळी ते पोस्टात पडलंसुद्धा. पुढचा आठवडाभर त्यांनी पेम्बर्टनचा शोध चालवला. ऑफिसातल्या प्रत्येक गोऱ्या माणसाला विचारून झालं. एका बिचाऱ्या सर्व्हेअरला तर ते दोनदा विचारून आले, तो लाजून खोटं बोलतोय अशा संशयाने. घरी आईने बेत ठरवायला घेतला. "पेम्बर्टन लोणचं खाईल का हो? की मुरंबा काढू?" मी अभ्यासाच्या नावाखाली बेडरूममध्ये खोक्यांच्या मागे बसून राही. आयुष्यात तितकं गणित मी पुन्हा कधी केलं नाही.

पुढच्या शुक्रवारी आई माझ्या ओल्या केसांना पंचा बांधत होती आणि बाबा हौसेने ते पत्र चौथ्यांदा वाचत होते. 'शुक्रवारी गाडी नसे' या वाक्याशी आईचे हात थांबले.

"अहो, शुक्रवारी कशी? त्या लोकांची सुट्टी रविवारी ना? चर्च रविवारी असतं."

"छापलंय तसं," बाबा म्हणाले.

"आणि पुस्तक तोंडावर घेऊन झोपणारा माणूस मी तरी एकच बघितलाय." आईने माझ्या डोक्यावरचा पंचा जरा घट्टच आवळला. "यार्डाचं मी म्हणते. हा पेम्बर्टन आमच्या पलंगाखाली राहतो का, वैजू?"

बाबांनी पत्र पुन्हा वाचलं, या वेळी मनात. एसी घरघरत होता. एक विमान गेलं, चमचे वाजले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी रडायला लागले, कारण त्या परिस्थितीत दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतं. मला वाटलं, ते ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी साहेबांना अभिनंदनाचं पत्र टाकून बसलोय," ते हळू म्हणाले. "त्या माणसाला आईबाप नव्हते, वैजू. एक काका होते. तू त्यांचे काका पळवलेस."

काका पळवणे असा गुन्हा जगात दुसऱ्या कोणाच्या नावावर असेल तर मला माहीत नाही. आज लिहिताना मला हसू येतं, पण तेव्हा मी पंच्यात तोंड लपवून बसले होते. त्याच दुपारी बाबांनी मला समोर बसवून माझ्या अक्षरात माफीचं पत्र लिहायला लावलं, माझ्या नावाने, मार्जिन सोडून. पेम्बर्टन म्हणजे मी, शेळी तुमची, चूक माझी, बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आपलं असं काही त्यांनी त्यात लिहिलं नाही. मग त्यांनी ड्रॉइंग बांधायची रुंद चिकटपट्टी आणली, हिरवं पुस्तक त्याच्या खोक्यात ठेवलं आणि खोकं बंद करून टाकलं. "साहेबांचं उत्तर येईपर्यंत राहू दे," म्हणाले. "दुसऱ्याची वस्तू आहे. आपल्याला सांभाळता आली नाही."

उत्तर आलं नाही. एक महिना गेला, दोन गेले. दर दुपारी बाबा घरी आले की मी त्यांच्या हाताकडे बघायची आणि ते रिकामे हात धुवायला आत जायचे. शुक्रवारी सुरमई यायची, केस धुतले जायचे, पण जेवणानंतर बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहत आणि त्यांना झोप यायची नाही. हे मला सगळ्यांत जास्त लागलं. माझे बाबा झोपत नव्हते, आणि ते माझ्यामुळे. शेवटी एका शुक्रवारी आई हातात सुरी घेऊन बेडरूममध्ये गेली आणि तिने चिकटपट्टी टराटरा कापली. ही तीच बाई, जिला सात वर्षं ती खोकी घराबाहेर हवी होती.

"हे घ्या आणि झोपा," तिने हिरवं पुस्तक बाबांच्या छातीवर ठेवलं. "चुकलं पोरीचं, खलास. दोन महिने झाले. तुम्ही दुपारभर जागे असलात की मला घरात पाहुणा आल्यासारखं वाटतं."

बाबांनी पुस्तक हातात धरलं, पण उघडलं नाही.

त्रैमासिकाचा पुढचा अंक कुरियन अंकलनी स्वतः आमच्या घरी आणून दिला, बरोबर एक पोस्टकार्डही. "सबनीस साब, ये कार्ड कोई मास्टर पेम्बर्टन का है. पता हमारे बॉक्स का. मैं सोचा वापस भेजूं, पर नीचे लिखा है, केअर ऑफ सबनीस. ये बच्चा कौन है?" बाबांनी कार्ड घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि आधी अंक उघडला. वाचकांच्या पत्रांत चार-पाच जणांनी पेम्बर्टनवर झोड उठवली होती. शुक्रवारी गाडी नसलेला फाटा अख्ख्या इंग्लंडात दाखवा, असं एका निवृत्त गार्डाने लिहिलं होतं. आणि त्यांच्या खाली, चौकटीत, हॉलिससाहेबांचं पत्र होतं.

'ॲपलकोट रोडचे स्टेशनमास्तर माझे काका होते,' साहेबांनी लिहिलं होतं. 'मी त्या घरात वाढलो. श्री. पेम्बर्टन यांच्या पत्रातला शब्दन् शब्द खरा आहे. शेळीबद्दल तर त्यांनी हात राखूनच लिहिलं आहे. शुक्रवारविषयी ज्यांना शंका आहे त्यांना मी एवढंच सांगेन की शुक्रवारी मी स्वतः त्या घरी जेवलो आहे. मासे उत्तम होते. स्टेशनमास्तरांच्या पत्नीचं लिंबाचं लोणचं मी आजही विसरलेलो नाही. जेवण झाल्यावर स्टेशनमास्तर तोंडावर पुस्तक घेऊन झोपले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शुक्रवारी गाडी नसे.'

बाबांनी ते दोनदा वाचलं आणि इतके हसले की गादीवर आडवेच झाले. मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, आणि ते सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं. आई "लोणच्याचं पुन्हा वाचा, लोणच्याचं" म्हणत राहिली. कुरियन अंकलना काही कळलं नव्हतं तरी तेही हसत होते. पोस्टकार्ड बाबांनी माझ्या हातात दिलं. त्यावर तीनच ओळी होत्या. 'टेडकाकांना मूल नव्हतं याचं मला नेहमी वाईट वाटायचं. आता एक आहे, आणि त्याला शेळीसुद्धा आठवते. काकांच्या वतीने आभार.' त्या शुक्रवारी बाबांनी हिरवं पुस्तक उघडलं. मार्लबी जंक्शन, थ्री एल्म्स, ॲपलकोट रोड. मी डाव हातात धरून बसले होते आणि पुस्तक त्यांच्या तोंडावर उतरलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की घंटा द्यायची राहूनच गेली.

शिट्टी मला मिळाली नाही. ती कोणा खऱ्या म्हाताऱ्याला गेली. पेम्बर्टनला दुसरं बक्षीस मिळालं, पाच वर्षांची वर्गणी, आणि ऑफिसच्या टपालाच्या फळीवर कुरियन अंकलनी त्याच्यासाठी एक वेगळा कप्पा करून त्यावर नाव टाइप करून लावलं. नवीन आलेले लोक त्याच्याविषयी विचारत. "साइट पे है," अंकल सांगत.

खोकी आता माझ्याकडे, अबुधाबीच्या खलिफा सिटीत आहेत. आई जाऊन चार वर्षं झाली आणि बाबा पुण्याला असतात. वय अठ्ठ्याऐंशी, कान एक, झोप भरपूर. इथे सुट्टीचे वार बदलले, आता शनिवार-रविवारची सुट्टी असते आणि शुक्रवारी लोक दुपारपर्यंत ऑफिसात बसतात. रूळसुद्धा आले. परवा मी आणि माझी मुलगी ईशा एका पुस्तकांच्या दुकानात गेलो होतो, तिथे इंग्लंडच्या बंद पडलेल्या फाट्यांवरचं नवंकोरं जाडजूड पुस्तक दिसलं. एकशे चाळीस दिरहॅम, म्हणजे आपले तीन हजारांच्या वर, पण मी किमतीकडे बघायच्या आत सूचीत 'एम' काढला होता. मार्लबीच्या फाट्याला दोन पानं होती. दुसऱ्या पानाच्या तळाशी, बारीक टायपात, एक टीप. 'स्थानिक रहिवाशांच्या आठवणींनुसार या मार्गावर शुक्रवारी प्रवासी गाडी नसे. कारण अज्ञात.'

मी दुकानात खाली बसले. ईशाला सगळी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मॉम, दॅट्स लिटरली फ्रॉड," आणि मग टिपेचा फोटो काढून तिने तो मैत्रिणींना पाठवला. घरी येऊन मी पुण्याला फोन लावला. दुपारची वेळ होती, बाबा आडवे झालेलेच असणार. टीप त्यांना दोनदा ओरडून वाचून दाखवावी लागली. पलीकडे उशी सरकवल्याचा आवाज आला. मला वाटलं, एक तर झोपले, नाहीतर पुन्हा माफीचं पत्र लिहायला लावणार.

"कारण अज्ञात?" बाबा म्हणाले. "हे काय अर्धवट काम! वैजू, त्या लेखकाला आजच्या आज पत्र टाक. पेम्बर्टनच्या नावाने."

"बाबा! तुम्हीच मला तेव्हा…"

"तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस. आता तुझं वय झालंय आठवणी सांगायचं."

"मग कारण काय लिहू?"

"लिही," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज थ्री एल्म्सच्या पुढे गेला की जसा व्हायचा तसा खोल जायला लागला होता, "शुक्रवारी स्टेशनमास्तर झोपलेले असत."